रद्द झालेल्या मालिकेचा चित्रपट: चाळीस लाख प्रेक्षक पुष्कळ की थोडे?

एखादी आवडती मालिका अर्ध्यावर बंद पडली की तिचे चाहते हळहळतात, सह्यांची मोहीम काढतात आणि "निदान एक चित्रपट काढून शेवट तरी सांगा" अशी मागणी करतात. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. क्वचित मात्र खरोखरच चित्रपट निघतो, आणि मग बाहेरून पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. जी मालिका पुरेसे लोक पाहत नाहीत म्हणून बंद केली, तिच्यावर कोट्यवधी डॉलर घालून चित्रपट काढण्यात कसला शहाणपणा? आणि चित्रपट काढण्याइतके चाहते होते, तर मालिका बंदच का केली?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर प्रेक्षक मोजण्याच्या तराजूत आहे. दादरच्या एखाद्या नाट्यगृहात आठशे माणसे आली की बाहेर हाऊसफुल्लची पाटी लागते आणि निर्माता खुशीत असतो. दिवाळी अंकाला आठशेच गिऱ्हाईक मिळाले, तर संपादकाला छपाईचे पैसे सुटण्याचीही मारामार. आणि दूरचित्रवाणीवरची मालिका आठशे माणसांनी पाहिली, तर ती कोणी पाहिली असे मोजणीत दिसणारही नाही. माणसे तीच, त्यांची आवडही तितकीच, पण तराजू बदलला की वजन बदलते. हे समजून घ्यायला 'फायरफ्लाय' ही २००२ सालची अमेरिकन विज्ञानमालिका आणि तिच्यावरून निघालेला २००५ सालचा 'सेरेनिटी' हा चित्रपट यांच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

गोष्ट होती कशाची?

जॉस व्हेडन यांनी निर्माण केलेली ही मालिका आजपासून सुमारे पाचशे वर्षांनंतर घडते. पृथ्वी सोडून माणसे दुसऱ्या एका सूर्याभोवतीच्या ग्रह-उपग्रहांवर राहायला गेली आहेत. मधले ग्रह श्रीमंत आणि सत्ताधारी आहेत, तर कडेच्या ग्रहांवर धूळ, घोडे, पिस्तुले आणि दारिद्र्य आहे. या दोघांत युद्ध झाले आणि कडेचे हरले. हरलेल्या बाजूचा सार्जंट माल्कम रेनल्ड्स एक जुनाट मालवाहू जहाज विकत घेतो आणि मिळेल ती कामे, बऱ्याचदा तस्करीची, करत पोट भरतो. जहाजावर तो धरून नऊ माणसे आहेत. परग्रहवासी एकही नाही, आणि शिव्या मात्र चिनी भाषेत दिल्या जातात.

नावांचा घोटाळा इथेच मिटवू. 'फायरफ्लाय' हा जहाजाचा प्रकार आहे आणि 'सेरेनिटी' हे त्या एका जहाजाचे नाव आहे. ट्रक कोणत्या बनावटीचा हे वेगळे, आणि त्याच्या कपाळावर रंगवलेले 'आई तुळजाभवानीचा आशीर्वाद' वेगळे, तसेच हे. नायक ज्या खोऱ्यातली लढाई हरला, त्या खोऱ्याचे नाव त्याने आपल्या जहाजाला दिले आहे. पराभवाचे नाव कपाळावर रंगवून हिंडणारा हा माणूस नेथन फिलियनने रंगवला आहे.

मालिका रद्द करतात म्हणजे काय करतात?

अमेरिकेत त्या काळी मालिका दाखवणारी वाहिनी आणि ती बनवणारा स्टुडिओ यांचे हिशेब वेगळे असत, मग मालक एकच का असेना. स्टुडिओ भाग तयार करी आणि वाहिनी ते दाखवण्याचे भाडे देई. हे भाडे बहुधा निर्मितीखर्चापेक्षा कमी असे, म्हणजे प्रत्येक नव्या भागागणिक स्टुडिओ थोडा तोट्यातच जाई. हा तोटा तो सोसत असे, कारण मालिकेचे शंभरएक भाग झाले की ते देशभरातल्या स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकता येत आणि खरा पैसा तिथे मिळे. आंब्याचे कलम लावणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पहिली काही वर्षे नुसते शेणखत, पाणी आणि राखण, फळ नंतर. कलम धरेल असे वाटेनासे झाले की माणूस पाणी घालणे थांबवतो. रद्द करणे ते हेच.

कलम धरेल की नाही, हे वाहिनी जाहिरातीच्या दरावरून ठरवते आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवरून ठरतो. ही संख्या मोजण्याचे काम अमेरिकेत नील्सन ही कंपनी करते. आपल्याकडचा टीआरपी याच जातीचा. सगळ्या देशाला विचारत बसणे शक्य नसते, म्हणून निवडक काही हजार घरांत यंत्रे बसवून शितावरून भाताची परीक्षा केली जाते. या परीक्षेत 'फायरफ्लाय'ला दर भागामागे सरासरी ४७ लाख प्रेक्षक मिळाले आणि त्या वर्षीच्या यादीत तिचा क्रमांक ९८वा लागला. ४७ लाख म्हणजे आपल्याला शहरेच्या शहरे डोळ्यांपुढे येतात; पण अंतराळयानाचे सेट आणि संगणकीय दृश्ये यांमुळे ही मालिका महागडी होती आणि संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेला फॉक्स वाहिनीला याहून कितीतरी मोठी संख्या हवी होती. २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झालेली मालिका त्याच वर्षीच्या डिसेंबरात संपली. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११च तेव्हा दाखवले गेले.

"पण मालिका धड दाखवलीच कुठे?"

चाहत्यांचा हा आक्षेप आजही तितकाच गरम आहे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. पात्रांची ओळख करून देणारा, कोण कोणाला कुठे भेटले हे सांगणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीला संथ वाटला. व्हेडन आणि त्यांचे सहकारी टिम मिनिअर यांना शनिवार-रविवारच्या सुटीत घाईघाईने दुसरा, आगगाडीवरच्या दरोड्याचा भाग लिहावा लागला आणि मालिका त्या भागापासून सुरू झाली. ओळखीचा मूळ भाग दाखवला गेला तो २० डिसेंबरला, म्हणजे सर्वांत शेवटी. लग्न लागले, पंगती उठल्या आणि मग निमंत्रणपत्रिका हातात पडली, असा हा प्रकार. वार मिळाला शुक्रवार, जेव्हा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. आणि ऑक्टोबरात बेसबॉलच्या सामन्यांपायी मधले आठवडेही कोरडे गेले.

तरीही सगळे खापर वाहिनीवर फोडून मोकळे होणे मला पटत नाही. अंतराळात गुरे वाहून नेणारे तस्कर ही कल्पना एका वाक्यात कोणाला पटवून सांगणे कठीणच होते. क्रम सरळ ठेवला असता तर मालिका कदाचित आणखी एखादा सीझन तगली असती. याहून जास्त काही म्हणायला आधार नाही.

दुसरा तराजू: डीव्हीडी

९ डिसेंबर २००३ रोजी, म्हणजे मालिका संपल्यावर वर्षभरात, १४ भागांचा चार तबकड्यांचा संच बाजारात आला. न दाखवलेले तीन भागही त्यात होते आणि क्रम लेखकांना हवा तसा होता. पहिल्या काही महिन्यांतच दोन लाखांहून अधिक संच विकले गेले.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दूरचित्रवाणीच्या तराजूत ४७ लाख हलके पडले होते, आणि इथे दोन लाखांनी सगळ्यांना माना वळवायला लावले. कारण जाहिरातीवर चालणाऱ्या मालिकेत प्रेक्षक नुसते डोळे देतो आणि त्या डोळ्यांची किंमत एका संध्याकाळपुरती काही सेंट असते. डीव्हीडी घेणारा खिशात हात घालतो. ज्याने मालिका सहज चाळली आणि ज्याने ती जिवाशी लावली, त्या दोघांना नील्सनचे यंत्र एकेकच मोजते. दुकानातला गल्ला मात्र त्यांतला फरक ओळखतो. आणि उधार घेतलेला संच चार घरी फिरतो, हा हिशेब आणखी वेगळा.

इथे एक प्रचलित समजूत दुरुस्त करायला हवी. डीव्हीडी खपली आणि म्हणून चित्रपटाची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. ते तसे नाही. मालिका बंद झाल्यापासून व्हेडन दारोदार फिरत होते, आणि युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेरी पॅरेंट यांनी भाग पाहून त्यात रस घेतल्यावर २००३च्या मध्यापर्यंत, म्हणजे डीव्हीडी बाहेर येण्याआधीच, हक्कांचा व्यवहार झाला होता. पण हक्क घेऊन ठेवणे आणि प्रत्यक्ष पैसा ओतणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कापायला डीव्हीडीचा खप कामी आला. चाहत्यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या आणि पत्रे लिहिली, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण पत्र पाठवणाऱ्याचा आवाज किती जणांचा आहे हे स्टुडिओला कळत नाही, आणि पावतीवरून ते कळते.

हक्क: जमीन एकाची, झाडांचा मक्ता दुसऱ्याचा

मालिका एका कंपनीची आणि चित्रपट दुसरीचा, हे वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. कोकणात जमीन एकाच्या नावावर असते आणि तीतल्या आंब्यांचा मक्ता दुसऱ्याकडे असतो, यात कोणाला नवल वाटत नाही. कथेचेही तसेच. एकाच गोष्टीचे दूरचित्रवाणीचे हक्क, चित्रपटाचे हक्क, चित्रकथांचे हक्क असे तुकडे पाडता येतात आणि ते वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना देता येतात. 'फायरफ्लाय' ही मालिका म्हणून फॉक्सकडेच राहिली. चित्रपट काढण्याचा मक्ता युनिव्हर्सलने घेतला. चित्रपटाच्या नावात 'फायरफ्लाय' नाही. जहाजाचे नाव तेवढे पुढे आले.

जुने सेट मोडून टाकलेले होते. त्यामुळे नव्या कारागिरांनी डीव्हीडीवरची चित्रे थांबवून थांबवून जहाजाचा आतला भाग पुन्हा उभा केला. ज्या तबकडीने चित्रपटाला बळ दिले, तीच सुतारांचा नकाशा झाली. जून २००४ मध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि सुमारे ५० दिवसांत आटोपले. खर्च झाला ३.९ कोटी डॉलर. अंतराळपटासाठी ही रक्कम हॉलिवूडच्या मानाने काटकसरीचीच म्हणायची.

चौदा भागांची ओळख, दहा मिनिटांत

अशा चित्रपटापुढचे खरे कोडे लेखनाचे असते. सभागृहातल्या निम्म्या लोकांना सगळे ठाऊक असते आणि उरलेल्यांना जहाजाचे नावही माहीत नसते. पहिल्यांना पाल्हाळ नको असतो, दुसऱ्यांना तपशील हवा असतो. 'सेरेनिटी'ची पहिली दहा मिनिटे या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहेत.

सुरुवातीला पृथ्वी का सोडली हे निवेदनातून ऐकू येते, आणि मग कळते की ते निवेदन म्हणजे वर्गात बाई मुलांना शिकवत असलेला धडा आहे. मग कळते की तो वर्ग म्हणजे प्रयोगशाळेत जखडून ठेवलेल्या रिव्हर या मुलीच्या डोक्यातली आठवण आहे. तिचा भाऊ तिला सोडवून नेतो, आणि तेवढ्यात दृश्य थबकते: हे सगळे ध्वनिचित्रमुद्रण आहे, आणि चिवेटेल एजिओफोरने साकारलेला सरकारी हस्तक ते शांतपणे उभा राहून पाहतो आहे. कांद्याचे पापुद्रे सोलावेत तशी चार पदरांत नव्या प्रेक्षकाला जग, सरकार, मुलगी आणि खलनायक यांची ओळख झालेली असते.

त्यानंतर पडद्यावर जहाज येते. नाकाडावर रंगवलेले नाव दिसते, आणि ग्रहावर उतरता उतरता बाहेरचा एक पत्रा निखळून उडून जातो. कप्तान ते काचेतून पाहतो, वैमानिकाशी हुज्जत घालतो आणि तिथून निघून अख्खे जहाज चालत पालथे घालतो. कॅमेरा त्याचा पाठलाग सोडत नाही. वाटेत शस्त्रे गोळा करणारा आडदांड जेन भेटतो, युद्धातली साथीदार झोई भेटते, इंजिनाशी झटापट करणारी केली भेटते, तणतणणारा डॉक्टर सायमन भेटतो, आणि शेवटी खालच्या मजल्यावर निजलेली रिव्हर. हे सगळे एकसलग चित्रण वाटते. प्रत्यक्षात वरचा आणि खालचा मजला हे वेगळे सेट होते आणि जिना उतरताना एक जोड लपवलेला आहे. नव्या पाहुण्याला घरातून फिरवून आणावे, तसे हे दृश्य आहे. जुन्या प्रेक्षकासाठी मात्र ती अडीच-तीन वर्षांनी घरी परतल्याची फेरी असते. एकाच फेरीत दोन्ही कामे उरकली आहेत, आणि हे या चित्रपटातले सर्वांत उत्तम लेखन आहे असे माझे मत आहे.

काय ठेवले आणि काय सोडले? (ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) मालिकेत 'रीव्हर' नावाचे (रिव्हर या मुलीशी या नावाचा संबंध नाही) नरभक्षक टोळीवाले अधूनमधून दिसतात, आणि अंतराळाच्या कडेला गेल्याने वेडी झालेली ती माणसे असावीत अशी वदंता असते. चित्रपट याचे उत्तर देतो: लोक शांत व्हावेत म्हणून सरकारने मिरांडा नावाच्या ग्रहाच्या हवेत औषध सोडले, तिथली तीन कोटी माणसे इतकी शांत झाली की खाणेपिणे सोडून जागच्या जागी मेली, आणि अगदी थोड्यांवर उलटा परिणाम होऊन त्यांचे हे राक्षस झाले. एक प्रश्न नीट मिटवायचा म्हणून बाकीचे कितीतरी सोडून दिले गेले. धर्मोपदेशक बुक पूर्वी कोण होता, हे चाहत्यांना पुढे २०१०च्या चित्रकथेतून कळले. मालिका आणि चित्रपट यांमधला काळही २००५ साली तीन अंकांच्या चित्रकथेनेच सांधला. आणि बुक व वैमानिक वॉश ही दोन लाडकी पात्रे चित्रपटात मरतात. वॉशचा मृत्यू तर इतका अचानक आहे की कित्येक चाहत्यांनी तो अजून माफ केलेला नाही. मालिकेत पुढच्या आठवड्यासाठी पात्रे जिवंत ठेवावी लागतात, आणि चित्रपटाला पुढचा आठवडा नसतो. या चित्रपटाने तो फरक ओळखला होता.

खर्च ३.९ कोटी, गल्ला ४ कोटी, मग तोटा कसा?

'सेरेनिटी' ३० सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक कोटी डॉलर जमले आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. अमेरिका-कॅनडात एकूण सुमारे २.५५ कोटी आणि जगभर मिळून सुमारे चार कोटी डॉलर, इथे गाडी थांबली. वर्तमानपत्रात हे आकडे वाचणाऱ्याला वाटते की खर्च भरून निघाला. तसे होत नाही. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानाने निम्मा वाटा चित्रपटगृहचालक ठेवून घेतो. परदेशात तर निर्मात्याच्या हाती त्याहूनही कमी पडते. शिवाय प्रती काढण्याचा आणि जाहिरातीचा खर्च त्या ३.९ कोटींत धरलेला नसतो. बाजार समितीत कांद्याचा भाव पाहून शेतकऱ्याच्या हाती तितकेच पैसे पडले असे आपण समजत नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाते. चित्रपटधंद्यातला जुना ठोकताळा असा, की गल्ला निर्मितीखर्चाच्या दुप्पट ते अडीचपट झाला तर हिशेब जुळला. त्या मापाने आठ ते दहा कोटी डॉलर हवे होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. २००५ साली अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर ६.४१ डॉलर होता. २.५५ कोटींना त्याने भागले की साधारण ४० लाख तिकिटे येतात. मालिकेचे प्रेक्षक सरासरी ४७ लाख होते. ही तीच माणसे होती असा दावा करता येणार नाही. काहींनी चित्रपट दोनदा-तीनदा पाहिला, काही अगदी नवे होते. पण आकारमान पाहण्याजोगे आहे. तीन वर्षे, एक डीव्हीडी, मोठा प्रचार आणि दहा शहरांपासून सुरू करून वाढवत नेलेले प्रदर्शनपूर्व खेळ एवढे सगळे होऊनही घोळका जवळपास तेवढाच राहिला. ते खेळ भरभरून चालले, पण भरलेल्या सभागृहात बसले होते ते आधीपासूनचे भक्त. पंढरीच्या वाटेवर कितीही गर्दी दिसली, तरी त्यावरून नवे वारकरी किती हे कळत नाही.

समीक्षकांनी चित्रपट उचलून धरला, आणि विज्ञानकथेच्या जगात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कारही त्याला २००६ साली मिळाला. दुसरा भाग मात्र निघाला नाही.

"मग 'स्टार ट्रेक'चे कसे जमले?"

हा आक्षेप रास्त आहे. 'स्टार ट्रेक'ही १९६९ साली कमी प्रेक्षकांमुळेच बंद झाली होती आणि १९७९ साली तिच्यावर चित्रपट निघून पुढे चित्रपटांची रांगच लागली. फरक कलमाचा. तिचे तीन सीझन, ७९ भाग झालेले होते. ते पुनःप्रक्षेपणाला पुरले, आणि सत्तरच्या दशकात ते स्थानिक वाहिन्यांवर वर्षानुवर्षे फिरत राहिले. शाळेतून घरी आलेली मुले ते पाहत मोठी झाली. दहा वर्षांनी तिकीट काढायला जो घोळका आला, तो मूळ प्रेक्षकांपेक्षा कितीतरी मोठा होता. 'फायरफ्लाय'कडे १४ भाग होते आणि मधे अडीच-तीन वर्षे.

ओटीटीच्या काळात हिशेब बदलला का?

बदलला, आणि त्याचे उदाहरण थेट मुंबईशी जोडलेले आहे. नेटफ्लिक्सवरच्या 'सेन्स८' या विज्ञानमालिकेत जगातल्या आठ शहरांतली आठ माणसे मनाने एकमेकांशी जोडली जातात, आणि त्यांतली एक आहे मुंबईची औषधशास्त्रज्ञ कला दांडेकर, गणपतीची भक्त. तिना देसाईने ती साकारली, वडिलांच्या भूमिकेत अनुपम खेर होते आणि चित्रीकरण प्रत्यक्ष मुंबईत झाले. आठ शहरांत फिरणारी ही मालिका खर्चिक होती. दुसरा सीझन ऐन उत्कंठेच्या ठिकाणी सोडून १ जून २०१७ रोजी ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. चाहत्यांनी इतका गलका केला की महिनाभरात निर्णय अंशतः फिरला, आणि ८ जून २०१८ रोजी चित्रपटाएवढ्या लांबीचा, सुमारे अडीच तासांचा शेवटचा भाग आला.

इथे तेव्हा तिकीटही नव्हते आणि जाहिरातही नव्हती. होती ती वर्गणी. एक जास्तीचा भाग दाखवल्याने नेटफ्लिक्सच्या गल्ल्यात त्या दिवशी एक रुपयाही थेट पडत नसे. मग पैसे का घालायचे? कारण अर्धवट सोडलेल्या मालिकांचा साठा झाला की वर्गणीदार नवी मालिका सुरू करायलाच कचरतो. ज्या खानावळीत ताक-भात येण्याआधी ताट उचलतात, तिथे महिन्याचे पैसे कोण भरून ठेवील? हा तराजू सर्वांत फसवा होता, कारण त्याचा काटा तेव्हा बाहेरच्या कोणालाच दिसत नसे. नील्सनचा आकडा निदान छापून येई.

"चाहत्यांनीच वर्गणी काढली तर?"

तसेही झाले आहे, पण विज्ञानमालिकेत नव्हे. 'व्हेरॉनिका मार्स' या रद्द झालेल्या गुप्तहेर मालिकेसाठी २०१३ साली लोकवर्गणी मागितली गेली आणि ९१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५७ लाख डॉलर दिले. माणशी सरासरी ६२ डॉलर पडतात, म्हणजे त्या वर्षीच्या सात-आठ तिकिटांचे पैसे. त्यातून २०१४ साली चित्रपट निघाला. पण ती गोष्ट साध्या गावात, साध्या गाड्यांत आणि साध्या कपड्यांत घडते. ५७ लाख म्हणजे 'सेरेनिटी'च्या निर्मितीखर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा. तेवढ्यात जहाज उभे राहील, उडायचे नाही. विज्ञानकथेच्या चाहत्यांचे दुखणे हेच की त्यांची आवड महाग आहे.

आता पुन्हा का नाही?

मालिकेचे हक्क ज्या फॉक्सकडे होते, त्या कंपनीचा हा व्यवसाय २०१९ साली डिस्नेकडे गेला, आणि चित्रपट युनिव्हर्सलचाच आहे. तेव्हा मालिका पुढे न्यायची म्हटली तर चित्रपटात जे घडले, वॉशचा मृत्यू असो वा मिरांडाचे रहस्य, ते धरायचे की सोडायचे हा नुसता लेखनाचा प्रश्न राहत नाही. वकिलांनाही बसवावे लागते. बुकची भूमिका करणारे रॉन ग्लास २०१६ साली वारले. व्हेडन यांच्या कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल त्यांच्यासोबत काम केलेल्या कलाकारांनी नंतरच्या वर्षांत जाहीर आरोप केले, त्यामुळे मूळ निर्मात्याला घेऊन पुन्हा सुरुवात, हा मार्गही पूर्वीसारखा सरळ उरलेला नाही.

दोन कंपन्यांत वाटली गेलेली ही गोष्ट एके ठिकाणी मात्र एकत्र पोहोचली. जून २००७ मध्ये अटलांटिस यानातून निघालेले अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन हे मालिकेचे चाहते होते. त्यांनी सामानात मालिकेच्या आणि चित्रपटाच्या, अशा दोन्ही डीव्हीडी घेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर, तिथे राहणाऱ्यांना फावल्या वेळात पाहता याव्यात म्हणून, ठेवून दिल्या.